जुना डिझेल ट्रक बदलताना: आधी बिघाडांचा हिशोब

अमेरिकेत बरीच वर्षं काढलेल्या आपल्या मंडळींत आता कुणी आरव्ही (राहण्याची सोय असलेला ट्रेलर) ओढतं, कुणाकडे घोड्यांचा ट्रेलर असतो, कुणी बॉबकॅट (माती उचलायचं छोटं यंत्र) मागे लावून साइटवर जातं. आपल्या डिझेल पिकअप ट्रकबद्दल त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "ट्रकचे दीड लाख मैल झाले. चालतो बरा, पण लांबच्या प्रवासाला काढायचा भरवसा वाटत नाही. नवा घेऊ का?" उत्तरंही ठरलेली. एक सांगतो, फोर्डच्या वाटेला जाऊ नकोस. दुसरा म्हणतो, रॅममधलं कमिन्स इंजिन घे आणि निर्धास्त झोप. तिसऱ्याला जनरल मोटर्सच्या (जीएम) ड्युरामॅक्स इंजिनाशिवाय काही दिसतच नाही.

तिघांचंही ऐकू नका. भरवसा ब्रँडवर नसतो, तो इंजिनाच्या विशिष्ट आवृत्तीवर, तिच्या वर्षावर आणि तुमच्या वापरावर असतो. एकाच कंपनीचं २००२ चं इंजिन लोक जपून ठेवतात आणि २००९ चं कुणी फुकट दिलं तरी घेऊ नये असं असतं. शिवाय या ट्रकांत पिस्टन-क्रँक असा इंजिनाचा गाभा क्वचित जातो. जातात ते त्याला जोडलेले भाग: डिझेलचा हाय-प्रेशर पंप, धुराच्या शुद्धीकरणाची यंत्रणा, टर्बो, गिअरबॉक्स. त्यामुळे ट्रक बदलणं म्हणजे ओळखीचे बिघाड देऊन अनोळखी बिघाड घेणं. कोणते देताय आणि कोणते घेताय हे आधी कागदावर आलं, तर निर्णय सोपा होतो.

हा लेख पहिल्यांदाच हा निर्णय घेणाऱ्यांसाठी आहे. ट्रक म्हणजे इथे पाऊणटनी (फोर्डचा एफ-२५०, जीएमचा सिल्व्हराडो २५०० किंवा रॅम २५००) आणि एकटनी (एफ-३५०, ३५००) या नावाच्या वर्गांतले पिकअप. आपल्याकडे टोमॅटोचे क्रेट भरून धावणारी बोलेरो पिकअप डोळ्यांसमोर असेल तर ती जरा बाजूला ठेवा. हे ट्रक रिकामे असतानाच साडेतीन टनांच्या आसपास भरतात.

पहिली पायरी: दारावरचं लेबल वाचा

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर पौंडांत लिहिलेलं असतं. हा पेलोड. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो ओढण्याचा आकडा, आणि आपण फसतो तो पेलोडवर.

गणित असं. पाऊणटनी डिझेल ट्रकचं भरलेलं कमाल वजन बऱ्याचदा १०,००० पौंडांवर बांधलेलं असतं, कारण त्यापुढे ट्रक वरच्या वर्गात जातो. डिझेल इंजिन जड, त्यामुळे ट्रकचं स्वतःचंच वजन साडेसात-आठ हजार. हातात उरतात दोन ते अडीच हजार पौंड. आता १२,००० पौंडांचा फिफ्थ-व्हील ट्रेलर (मागच्या हुकाऐवजी हौद्यात जोडला जाणारा) घ्या. त्याच्या वजनाचा २० ते २५ टक्के भार ट्रकच्या हौद्यात येतो, म्हणजे २,४०० ते ३,००० पौंड. घरचे चौघं आणि हौद्यातला हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) यांचं वजन अजून धरलेलंच नाही. हा ट्रेलर एकटनीचा आहे. पाऊणटनी ट्रक तो ओढेल, पण स्प्रिंग, टायर आणि मागचा ॲक्सल रोज मर्यादेबाहेर काम करतील, आणि मग "ट्रकमध्ये दम नाही" अशी तक्रार येईल.

उलटंही खरं आहे. ट्रेलर सहा-सात हजार पौंडांचा आणि वर्षातून चार-पाच वेळाच बाहेर पडणारा असेल, तर डिझेलची गरजच नाही. फोर्डचं ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन (२०२० पासून) किंवा जीएमचं ६.६ लिटरचं पेट्रोल इंजिन हे काम मुकाट्याने करतं. नव्या ट्रकवर डिझेल इंजिनासाठी सुमारे दहा हजार डॉलर जास्त मोजावे लागतात आणि तेलबदल, फिल्टर, दुरुस्ती सगळंच महाग पडतं. मी स्वतः डिझेलवाला आहे, तरी निम्म्या लोकांना पेट्रोलच सुचवतो.

दुसरी पायरी: तुमचा वापर लिहून काढा

ही पायरी लोक वगळतात, आणि नव्या डिझेलचे सर्वाधिक बिघाड इथूनच सुरू होतात.

२००७ पासून या ट्रकांना डीपीएफ आला. हा धुरातली काजळी पकडणारा फिल्टर. काजळी साठली की ट्रक फिल्टर तापवून ती जाळतो. याला रिजनरेशन म्हणतात आणि त्यासाठी ट्रक सलग वीस-तीस मिनिटं हायवेच्या वेगाने चालावा लागतो. २०१० च्या नियमांनंतर डीईएफ आलं, म्हणजे धूर स्वच्छ करायला त्यात फवारलं जाणारं, ३२.५ टक्के युरिया असलेलं पाणी. फोर्ड आणि जीएमच्या पिकअपमध्ये ते २०११ पासून आहे, रॅममध्ये २०१३ पासून. याच्या जोडीला ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था.

ओढकाम करणाऱ्या ट्रकमध्ये हे सगळं नीट चालतं. ट्रेलर मागे लावून तासन्तास हायवेवर धावणाऱ्या ट्रकचा धूर गरम असतो आणि फिल्टर जवळजवळ आपोआप साफ होत राहतो. पण तोच ट्रक रोज मुलांना शाळेत सोडायला पाच मैल, कॉस्टकोला सात मैल आणि साइटवर एसी लावून दोन तास उभा असा वापरला, तर रिजनरेशन सुरू होतं आणि अर्ध्यातच तुटतं. रॅमच्या ६.७ लिटरच्या किंवा फोर्डच्या ६.४ आणि ६.७ लिटरच्या इंजिनांत फिल्टर तापवायला जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्येच सोडलं जातं. त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंग झिजतात. ईजीआरचा कूलर काजळीने भरतो. नंतर सेन्सर एकेक करून बोलू लागतात.

म्हणून एका महिन्याचा वापर लिहा: किती फेऱ्या दहा मैलांच्या आतल्या, किती लांबच्या, किती ट्रेलरसह, किती वेळ इंजिन नुसतं चालू. छोट्या फेऱ्याच जास्त भरल्या, तर नव्या डिझेलवर खर्चलेले ऐंशी हजार डॉलरही तुम्हाला भरवसा देणार नाहीत. त्या फेऱ्यांसाठी जुनी कॅमरी ठेवा आणि डिझेल फक्त ओढायला काढा. थंड भागातल्यांनी हेही लक्षात ठेवा: डीईएफ उणे ११ अंश सेल्सिअसला गोठतं. टाकीत हीटर असतो, पण तो जाणं ही मिनेसोटा-डकोटाकडची नेहमीची तक्रार.

डीईएफच्या बिघाडात सॉफ्टवेअर मुद्दाम वेग कमी करतं आणि ट्रक थेट घरंगळायला लागतो, ही भीती खरी आहे. ट्रेलरसह आंतरराज्य मार्गावर असताना असं झालं तर प्रसंग अवघड असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ईपीएने (अमेरिकेची पर्यावरण संस्था) उत्पादकांना ही शिक्षा सौम्य करायला सांगितलं, त्यामुळे ट्रक घेताना डीलरला विचारा की या गाडीसाठी तसं सॉफ्टवेअर आलंय का.

तिसरी पायरी: आहे त्या ट्रकची तब्येत मोजा

"भरवसा वाटत नाही" हे कारण पुरेसं नाही. काय गेलंय आणि काय जाणार आहे ते शोधा.

मैलांपेक्षा तास पाहा. डॅशबोर्डच्या मेनूत इंजिनाचे एकूण तास असतात, काही ट्रकांत नुसतं उभं राहून चाललेले तास वेगळेही दिसतात. मैलांना तासांनी भागा. १,२०,००० मैल आणि ३,००० तास म्हणजे सरासरी ताशी ४० मैल, हा हायवेवरचा ट्रक. तेवढेच मैल आणि ६,५०० तास म्हणजे ताशी १८ मैल, हा बहुतेक वेळ उभाच होता. उभ्याने चाललेला एक तास २५ ते ३३ मैलांच्या झिजेइतका धरतात. दुसऱ्या ट्रकचं इंजिन मीटर सांगतो त्यापेक्षा कितीतरी म्हातारं आहे.

मग ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. इंडियानातल्या फोर्ट वेनची ब्लॅकस्टोन लॅब हे काम करते, खर्च चाळीस डॉलरच्या आसपास. अहवालात लोखंड, तांबं, सिलिकॉन, मिसळलेलं डिझेल आणि अँटीफ्रीझ यांचे आकडे येतात. सिलिकॉन वाढलं असेल तर एअर फिल्टरमधून धूळ आत जातेय. सोडियम-पोटॅशियम वाढलं तर कुठेतरी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं, अँटीफ्रीझ घातलेलं पाणी) गळतंय. एका अहवालाने ठरवू नका. दोन तेलबदलांचे दोन अहवाल शेजारी ठेवले की दिशा कळते.

नंतर डिझेलचं काम करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजकडून पुढच्या दोन वर्षांच्या संभाव्य कामांची यादी लेखी घ्या. डीलरकडे जाऊ नका, त्याला तुम्हाला ट्रक विकायचा आहे.

आता हिशोब. समजा यादीत गिअरबॉक्स आहे, ७,००० डॉलर. आकडा मोठा वाटतो. पण नव्या ट्रकसाठी ६०,००० डॉलरचं कर्ज ७ टक्क्यांनी ७२ महिन्यांसाठी काढलं तर हप्ता महिन्याला सुमारे १,०२३ डॉलर येतो. म्हणजे तो गिअरबॉक्स सात हप्त्यांत वसूल. वरचा विमा आणि नोंदणी वेगळी. ट्रक बदलायची रास्त कारणं तीन: चेसिस गंजलीय, गरजेपेक्षा पेलोड कमी आहे, किंवा तुमच्या वर्षाच्या इंजिनाला असा दोष आहे जो दुरुस्तीनेही पुन्हा उद्भवतो. गंज सर्वांत वाईट. ओहायो-मिशिगनकडे रस्त्यावर मीठ टाकतात आणि ब्रेकच्या नळ्या आतून-बाहेरून खाल्ल्या जातात. इंजिन पुन्हा बांधता येतं, गंजलेली चेसिस नाही.

ताकद हवी म्हणून बदलणारेही असतात आणि ते कारण मला मान्य आहे. फोर्डचं ७.३ पॉवरस्ट्रोक डिझेल १९९४ साली आलं तेव्हा २१० अश्वशक्ती आणि ४२५ पौंड-फूट टॉर्क देत होतं. २०२३ पासूनचं फोर्डचं हाय-आउटपुट ६.७ देतं ५०० आणि १,२००. कोलोरॅडोत आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना, समुद्रसपाटीपासून ११ हजार फुटांवर, हा फरक पायाखाली कळतो. उतरताना तर आणखी, कारण नव्या ट्रकांचा एक्झॉस्ट ब्रेक सात टक्क्यांच्या उतारावर ट्रेलर धरून ठेवतो आणि ब्रेक पॅड थंड राहतात.

चौथी पायरी: वर्षं ओळखा

इथे थोडा वेळ काढा. जुना ठेवायचा असो की वापरलेला घ्यायचा, सगळं इथे ठरतं.

फोर्डपासून सुरू करू, कारण बदनामी त्याचीच जास्त. ७.३ लिटर (१९९४ ते २००३) हळू पण चिवट. कॅमचा सेन्सर रस्त्यात दगा देतो, पण तो स्वस्त असतो, गाडीत एक जास्तीचा ठेवायचा. ६.० लिटर (२००३ ते २००७) मात्र साखळी बिघाडाचं उदाहरण आहे. आधी ऑइल कूलर आतल्या गाळाने तुंबतो. त्यामुळे ईजीआर कूलरला पुरेसं कूलंट मिळत नाही, तो तडकतो, कूलंट सिलिंडरमध्ये जातं, दाब वाढतो आणि हेड गॅस्केट (सिलिंडरवरच्या हेडखालचा सील) जातं, कारण हेड धरणारे बोल्ट प्रत्येक सिलिंडरभोवती चारच. तुमच्याकडे हा ट्रक असेल तर स्कॅनरवर (ट्रकला जोडून आतले आकडे दाखवणारं उपकरण) ऑइल आणि कूलंटचं तापमान एकत्र पाहा. गरम ट्रक सपाट रस्त्यावर चालत असताना दोन्हींत १५ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त फरक दिसला, तर ऑइल कूलर तुंबलाय. याच टप्प्यावर काम केलं तर हेड वाचतं. हेडचे बोल्ट काढून जास्त घट्ट धरणारे स्टड बसवलेला, कूलर बदललेला आणि त्याची बिलं असलेला ६.० मी विकत घेईन. बिलांशिवाय नाही.

६.४ (२००८ ते २०१०) घेऊ नका. ऑइलमध्ये डिझेल उतरण्याची खोड याला सर्वांत वाईट आणि मोठ्या कामाला केबिन उचलावी लागते, त्यामुळे मजुरीच डोळे पांढरे करते. तुमच्याकडे असेल तर तो चालता असतानाच विका. ही दोन्ही इंजिनं, आणि ७.३ सुद्धा, नेव्हिस्टारने बनवली होती. २०११ पासूनचं ६.७ फोर्डचं स्वतःचं. पहिल्या काही वर्षांत टर्बोची बेअरिंग जायची, २०१५ मध्ये टर्बो बदलला आणि ती तक्रार मिटत गेली. एक मुद्दा उरतो, इंधन पंपाचा. त्यावर खाली सविस्तर.

जीएमच्या ड्युरामॅक्सला तीन अक्षरांचे कोड असतात, ते पाठ करा. एलबी७ (२००१ ते २००४) चे इंजेक्टर, म्हणजे आपले नोझल, व्हॉल्व्ह कव्हरखाली बसवले आहेत, गेले की काम लांबतं. एलएलवाय ओढताना तापतं. एलबीझेड (२००६-२००७) लोकांचं लाडकं, कारण डीपीएफच्या आधीचं आणि सहा गिअरच्या ॲलिसन गिअरबॉक्ससह. किमती मात्र लाडक्यालाही शोभणार नाहीत अशा. एलएमएम (२००७ च्या मध्यापासून २०१०) ठीक. एलएमएल (२०११ ते २०१६) म्हणजे चांगलं इंजिन आणि वाईट पंप. २०१७ पासूनचं एल५पी पंपाच्या बाबतीत सुटलं, त्यात डेन्सोचा पंप आला. २०१७ ते २०१९ चा एल५पी आणि सहा गिअरचं ॲलिसन ही जोडी वापरलेल्यांच्या बाजारात माझी पहिली पसंती. २०२० पासून दहा गिअर आले आणि २०२० ते २०२२ च्या डिझेल ट्रकांसाठी २०२४ मध्ये रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) निघाला: गिअरबॉक्समधला एक व्हॉल्व्ह झिजून मागची चाकं अचानक अडकू शकतात. चार लाखांहून जास्त गाड्या त्यात आल्या. अशी गाडी पाहत असाल तर रिकॉलचं काम झाल्याचा कागद मागा.

रॅमबद्दल पुणेकरांना विशेष सांगायला हवं. कोथरूडच्या कारखान्यामुळे १९६२ पासून कमिन्स हे नाव आपल्याला घरचं वाटतं. पण रॅममध्ये कमिन्सचं फक्त इंजिन आहे. गिअरबॉक्स, पुढचा ॲक्सल, वायरिंग आणि डॅशबोर्ड रॅमचा. १९९८ ते २००२ च्या ५.९ मध्ये व्हीपी४४ हा इंधन पंप टाकीकडून येणारा दाब कमी पडला की जळतो. २००३ ते २००७ चं ५.९ उत्तम, फक्त स्टिअरिंगचं सामान तपासा, खड्ड्यावरून गेल्यावर पुढचा भाग थरथरतच राहत असेल तर जोड ढिले आहेत. ६.७ मध्ये २०१३ ते २०१८ या वर्षांत भरवशाचा सीपी३ इंधन पंप आहे. याच काळातल्या (२०१३ ते २०१९) ट्रकांतल्या सॉफ्टवेअरवरून कमिन्सवर ठपका आला. सुमारे ६ लाख ३० हजार ट्रकांत धूर-चाचणीला चकवणारी व्यवस्था असल्याचा आरोप होता आणि कंपनीने १६७.५ कोटी डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं. दुरुस्तीचं नवं सॉफ्टवेअर टाकलं आहे का, हे सेवापुस्तकात पाहा.

६.७ कमिन्सचा एक छोटा भाग मोठं नुकसान करतो. थंडीत हवा तापवणारा ग्रिड हीटर इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या मार्गात) बसतो. त्याच्या बोल्टची जोडणी तापून झिजते, नट सुटतो आणि सरळ सहाव्या सिलिंडरमध्ये पडतो. पूर्ण इंजिन खलास. २००७ च्या मध्यापासून २०२४ पर्यंतच्या सगळ्यांना हा धोका आहे, बाजारात काही शे डॉलरचं किट मिळतं, ते बसवा. २०२५ मध्ये कंपनीने ग्रिड काढून ग्लो प्लग (सिलिंडर आतून तापवणारे) दिले. गिअरबॉक्सही पाहा: २०२४ पर्यंत २५०० मध्ये ६८आरएफई यायचा, तो जड ओढकामाला नरम. ३५०० च्या हाय-आउटपुट इंजिनाबरोबर ऐसिन कंपनीचा यायचा, तो दणकट. २०२५ पासून दोन्हींच्या जागी आठ गिअरचा आलाय. चांगला असेलही. पण नव्या गिअरबॉक्सचं पहिलं वर्ष दुसऱ्यांना घेऊ द्या.

पाचवी पायरी: पंपाचं काय?

बॉशचा सीपी४ हा पंप समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो फोर्डच्या ६.७ मध्ये २०११ पासून, ड्युरामॅक्स एलएमएलमध्ये आणि रॅममध्ये २०१९-२०२० ला होता. पंपाला वंगण म्हणजे डिझेलच. त्यातला रोलर कॅमवर लोळतो. रोलर जरा फिरून आडवा झाला की लोळायचं सोडून घासतो, धातूचा चुरा सुटतो आणि तो चुरा रेल (इंजेक्टरना दाबाखाली डिझेल पुरवणारी नळी), सर्व इंजेक्टर आणि परतीच्या नळीने टाकीपर्यंत जातो. एक भाग बदलून भागत नाही, पूर्ण इंधनव्यवस्था बदलावी लागते. खर्च आठ-दहा हजार डॉलरपासून पुढे.

इथलं डिझेल त्यात भर घालतं. वंगणगुण मोजण्याच्या चाचणीत अमेरिकेचं मानक ५२० मायक्रॉनपर्यंतची झीज चालवून घेतं, युरोपचं ४६०. म्हणजे इथलं डिझेल अधिक कोरडं असू शकतं. रॅमने २०२१ मध्ये सीपी३ परत आणला आणि आधीच्या दोन लाखांहून जास्त गाड्या रिकॉल केल्या. फोर्डने पंप ठेवला.

सगळे सीपी४ मरत नाहीत, लाखो चालताहेत. पण तुमच्या आवडत्या ट्रकमध्ये तो असेल तर तीन गोष्टी करा. कंपनीचा फिल्टर वेळेवर बदला, गर्दीच्या पेट्रोल पंपावरच डिझेल भरा, आणि चुरा रेलकडे न जाता फिल्टरमार्गे टाकीकडे वळवणारं किट बसवा. पंप त्यानेही मरेल, पण इंजेक्टर वाचतील आणि बिल निम्म्याहून कमी होईल. वॉरंटीत असलेल्या गाडीला किट बसवण्याआधी अटी वाचा. डिझेलच्या पावत्या जपून ठेवा: पाणी किंवा भेसळ सापडली तर कंपन्या या कामाची वॉरंटी नाकारतात आणि पुराव्याचं ओझं तुमच्यावर येतं.

"डिलीट" केलेला ट्रक

वापरलेल्यांच्या बाजारात हमखास भेटतो. मालक अभिमानाने सांगतो, डीपीएफ, ईजीआर, डीईएफ सगळं काढलंय, आता काही बिघडतच नाही. यांत्रिकदृष्ट्या त्याचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, म्हणूनच मोह होतो. पण क्लीन एअर ॲक्टखाली ते बेकायदा आहे. २०२० मध्ये ईपीएने अंदाज केला होता की आधीच्या दशकात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची ही यंत्रणा काढली गेली. कॅलिफोर्नियात १९९८ आणि त्यानंतरच्या, १४,००० पौंडांपर्यंतच्या डिझेल गाड्यांना स्मॉग (धूर) चाचणी लागते, त्यात असा ट्रक नापास. काही राज्यांत डिझेलची चाचणी होत नाही, पण केंद्रीय कायदा तिथेही लागू. बहुतेक डीलर असा ट्रक बदल्यात घेत नाहीत. सगळं परत बसवायचा खर्च कित्येक हजार डॉलर, तो सुटे भाग मिळाले तर. व्हिसावर असलेल्यांनी तर यात पडूच नये.

सहावी पायरी: घेण्याआधीची तपासणी

आदल्या दिवशी विक्रेत्याला सांगा की ट्रक थंड हवा, सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर परत या. थंड इंजिन कसं उचलतं, किती क्रँक घेतं, धूर कोणत्या रंगाचा, यातच अर्धी माहिती असते. पांढरा धूर थांबत नसेल तर इंजेक्टर किंवा कूलंट, निळा म्हणजे ऑइल.

गरम झाल्यावर, इंजिन चालू असतानाच, ऑइलच्या भोकाचं झाकण उलटं करून ठेवा. झाकण नाचत पडत असेल आणि आतून वाफेचा जोर येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत. थोडा धूर चालतो. कूलंटच्या टाकीत पांढरी पूड किंवा काळा तवंग दिसला तर विषय तिथेच संपवा.

उरलेलं काम डिझेल मेकॅनिकचं, दोनशे ते चारशे डॉलर. त्याला या चार गोष्टी मुद्दाम सांगा: प्रत्येक इंजेक्टरची बॅलन्स रेट (इतरांच्या तुलनेत तो डिझेल किती कमी-जास्त सोडतो), डीपीएफमधली काजळी आणि दोन रिजनरेशनमधलं अंतर, सगळे मॉनिटर (ट्रकच्या संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या) पूर्ण झालेत का, आणि सीपी४ असेल तर इंधन फिल्टर कापून चमचमता चुरा दिसतो का. मॉनिटर अपूर्ण असतील तर विक्रेत्याने बहुधा काल-परवा बिघाडाचे कोड पुसलेत. रिजनरेशन पन्नास-शंभर मैलांत होत असेल तर फिल्टर भरत आलाय किंवा मूळ आजार वेगळा आहे.

हौद्यात फिफ्थ-व्हीलचे खड्डे दिसले म्हणून बिचकू नका. दरसाल ॲरिझोनाला ट्रेलर नेणाऱ्या निवृत्त जोडप्याचा, सर्व पावत्या असलेला ट्रक हा कंत्राटदाराच्या चकचकीत, न ओढलेल्या ट्रकपेक्षा बरेचदा जास्त चांगला निघतो.

व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाका. रिकॉल तर दिसतातच, त्याच पानावर कंपनीने डीलरना पाठवलेली तांत्रिक पत्रंही असतात. ज्या बिघाडावर तीन पत्रं आहेत, तो नशिबाचा भाग नाही.

वॉरंटी आणि पहिले आठवडे

तिन्ही कंपन्यांनी २०२५ पर्यंतच्या मॉडेलांना डिझेल इंजिनावर ५ वर्षं किंवा १,००,००० मैल वॉरंटी दिली. तीन वर्षं जुना आणि चाळीस हजार मैल चाललेला ट्रक म्हणूनच मला सर्वांत सोयीचा वाटतो: पहिल्या मालकाने घसारा सोसलेला, रिकॉल बाहेर आलेले आणि इंजिनाची वॉरंटी दोन वर्षं शिल्लक. डीलर जादा वॉरंटी विकायला बसेल तेव्हा "इंधनव्यवस्था" आणि "धूरयंत्रणा" हे दोन शब्द करारात शोधा. हे दोन वगळलेले असतील तर तो कागद तुमच्या उपयोगाचा नाही.

ट्रक घरी आल्यावर दोन्ही इंधन फिल्टर बदला, आधीच्या मालकाच्या शब्दावर जाऊ नका. ऑइल बदलून नमुना पाठवा, म्हणजे पुढच्या तुलनेला पहिला आकडा मिळेल. स्कॅनरवर गरम ट्रकची सर्व तापमानं आणि रेलचा दाब वहीत लिहून ठेवा.

मग ट्रेलर जोडून, पाण्याची टाकी, सामान आणि माणसं भरून, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर जा. पंधरा-वीस डॉलर लागतात. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल यांचे वेगळे आकडे छापून मिळतात. नंतर ट्रेलर सोडून पुन्हा एकदा नुसता ट्रक तोला. दोन्ही पावत्यांतल्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे ट्रेलरचा खरा भार, आणि त्यात माणसं-सामानाचं वजन मिळवून तो दारावरच्या लेबलाशी ताडून पाहायचा. मागचा ॲक्सल मर्यादेच्या वर गेला असेल तर सामान ट्रेलरच्या चाकांवर सरकवा, टायरचा दाब त्या वजनाच्या तक्त्याप्रमाणे भरा आणि पुन्हा तोलून मगच लांबच्या रस्त्याला लागा.